यादीतलं बेचाळिसावं गाव

सन १९९७ च्या मार्च महिन्यात पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या बेचाळीस गावांची एक यादी प्रसिद्ध झाली. शीर्षक होतं, 'पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावयाच्या खाडीबांधांची गाववार यादी'. ही यादी रोह्याला माझ्या छापखान्यात छापली गेली. कागद सत्तर ग्रॅमचा, शाई काळी, प्रती पाचशे. कुठे डाग नाही, ओळ वाकडी नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पेणमध्ये काही मंडळी अजून माझ्या नावाने खडे फोडतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

मी दत्तात्रेय. लोक शेठ म्हणतात, कारण छापखाना वडिलांपासूनचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाचे अहवाल यांवर आमचं बरं चाललं होतं. शहाण्णव साली मी शिशाचे सगळे खिळे मोडीत घातले आणि संगणक आणला. खिळे जुळवणारा आमचा जुळारी काळुराम अठ्ठावीस वर्षं उलटी अक्षरं वाचत आला होता. त्याला उचलून पडद्यासमोर खुर्चीवर बसवलं. पहिले आठ दिवस तो कुरकुरत होता. "शेट, ह्यात अक्षर सरळ दिसतंय. वाचायला त्रास होतो."

आता एक गोष्ट समजून घ्या. त्या काळी संगणकातली मराठी एक नव्हती. जी कंपनी यंत्र विकायची, ती स्वतःची मराठी सोबत द्यायची. एकीने ज्या जागेवर 'क' बसवला होता, तिथे दुसरीने 'ङ' बसवलेला. दोघींनाही आपलीच मराठी अस्सल वाटायची. ही यादी काढणाऱ्या पेणच्या सरकारी कार्यालयात एक मराठी होती आणि माझ्याकडे दुसरी. हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही, काळुरामला महिनाभरात कळलं होतं. पण काळुरामला कळणं आणि शासनाला कळणं यांत फरक असतो.

एकेचाळीस गावं टाइपरायटरवर टंकलेली, कागदावर आली. काळुरामने ती आमच्या यंत्रात नव्याने घातली. तेवढ्यात बेचाळिसावं गाव मंजूर झालं. ते कान्हूखार. धरमतरच्या खाडीला लागून, भातशेती सगळी बांधाच्या आत. मागच्या पावसाळ्यात त्या बांधाला एकशे चाळीस मीटरची खांड पडली होती, म्हणजे तेवढा बांध वाहूनच गेला होता. सरपंच पुंडलिकने अकरा हेलपाटे घातले, तेव्हा कार्यालयाच्या साहेबांना पाझर फुटला. नेमका त्या दिवशी टंकलेखक रजेवर होता. म्हणून कार्यालयाने भरतकामाच्या कापडाखाली झाकून ठेवलेला नवा संगणक प्रथमच उघडला, त्यात त्या गावाची ओळ टाइप केली, आणि फ्लॉपी लाखेचं सील मारलेल्या पाकिटातून शिपायाबरोबर गाडीने रोह्याला धाडली. सोबत पत्र होतं: 'फ्लॉपीतील मजकूर जसाच्या तसा घ्यावा. त्यात कोणताही फेरबदल केल्यास अट क्रमांक नऊनुसार काम रद्द समजण्यात येईल.'

काळुरामने फ्लॉपी घातली. पडद्यावर लांबीचा आकडा नीट आला, नाव मात्र असं:

ङठञ॥ढृ

बाराखडीत जी अक्षरं वर्षानुवर्षं बिनकामाची बसून होती, ती या एका नावात एकदम कामाला लागली होती.

"शेट, ह्ये गावाचं नाव नाय," काळुराम म्हणाला. "त्यांचा फॉन्ट वेगळा हाय. तेवढा एका फ्लॉपीत घालून पाठवा म्हनावं. चार मिन्टांचं काम हाय."

मी पेणला फोन लावला. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या पडद्यावर बरोबर दिसतंय," ते म्हणाले.

"आमच्या पडद्यावर दिसत नाही, भाऊसाहेब."

"मग पडदा दुरुस्त करून घ्या."

"निदान गावाचं नाव तरी तोंडी सांगता का?"

"वा! उद्या तुम्ही म्हणाल, हेडक्लार्कने फोनवरून यादीत गाव घुसवलं. नाव फ्लॉपीत दिलंय. अट क्रमांक नऊ वाचलीत ना?"

वाचली होती. त्याच कार्यालयाच्या ओळखीने पुढे मतदारयाद्यांचं काम मिळेल, अशीही माझी समजूत होती. मी काळुरामला म्हटलं, "जसंच्या तसं घे."

"पन शेट..."

"तू जुळारी आहेस. जुळव."

पानाच्या तळाशी नेहमीच्या दोन सूचना होत्या. त्या आमच्या फॉन्टमधल्या, म्हणून आरशासारख्या स्वच्छ उमटल्या. एक, 'पंधरा दिवसांत हरकत न आल्यास हीच यादी अंतिम समजण्यात येईल.' दुसरी, 'हस्ताक्षराने केलेली कोणतीही दुरुस्ती वा खाडाखोड ग्राह्य धरली जाणार नाही.' त्याखाली साहेबांचं नाव, ठळक, पदव्यांसकट. त्यात एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता.

यादी कार्यालयाच्या फळ्यावर लागली. मी मुद्दाम पेणला गेलो आणि फळ्याशेजारी उभा राहिलो. आपलं काम लोक कसं बघतात, ते बघायला कुणाला आवडत नाही? गावोगावची माणसं येत होती. बोट वरून खाली सरकायचं, आपल्या गावापाशी थांबायचं, चेहरा खुलायचा आणि माणूस चहाला जायचा. एकेचाळिसाव्या गावचे दोन गृहस्थ आले. पहिल्याने चष्मा पुसला. "ह्या खालचं काय समजत नाय रे."

"आपलं वरचं हाय ना?"

"व्हय."

"मग चल की."

आणखी एकाने ते संस्कृत असल्याचं सांगितलं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, मोडी असावी. पंधरा दिवसांत हजारभर माणसांनी यादी पाहिली, हरकत एकही आली नाही. यादी अंतिम झाली.

सोळाव्या दिवशी मी समाधानकारक कामाचं प्रमाणपत्र घ्यायला कार्यालयात बसलो होतो. तेव्हा पुंडलिक सरपंच आले. सोबत गिरजाबाई नावाच्या एक बाई होत्या. त्यांची अडीच एकर जमीन त्या खांडीच्या अगदी तोंडाशी. नवरा गेल्यावर एकटीने ती कसत होत्या, आणि घरात दुसरं काही उत्पन्न नव्हतं.

"भाऊसाहेब, आमचं कान्हूखार यादीत नाय," पुंडलिक म्हणाले. "मी तिसऱ्याच दिशी येऊन सांगितलं, तुमी बोललात पंध्रा दिस थांबा."

"बेचाळीस गावं मंजूर झाली, बेचाळीस छापली. मोजा हवं तर."

"मोजली ना," गिरजाबाई म्हणाल्या. "येकेचाळीस वाचता येतात. जे वाचता येत नाय ते आमचं."

"कशावरून?"

"त्याच्या म्होरं येकशे चाळीस मीटर लिवलंय. ती खांड आमचीच. आमी दोरीनं मोजलीय."

"बाई, लांबीवरून गाव ठरत नाही. गावावरून लांबी ठरते."

"मंग आमची हरकत लिवून घ्या."

"मुदत काल संपली. आणि मुदतीत असतात तरी, यादीत ज्याचं नाव आहे त्याच गावाला हरकत घेता येते. तुमचं नाव यादीत आहे का?"

"त्येच तर सांगतोय, नाय म्हनून!"

"झालं तर मग," भाऊसाहेब म्हणाले आणि मला प्रमाणपत्र दिलं.

शेवटी असं ठरलं की, कान्हूखार आणि अनुक्रमांक बेचाळीस ही दोन्ही गावं एकच असल्याचा तलाठ्याचा दाखला आणावा. तलाठ्याने सगळी दप्तरं पालथी घातली आणि प्रामाणिकपणे लेखी दिलं: 'अनुक्रमांक बेचाळीस या नावाचे गाव या सजात कधीही अस्तित्वात नव्हते.' ते गाव कान्हूखार नसल्याचा हा पहिला सरकारी पुरावा.

साहेब मनाने वाईट नव्हते हो. पुंडलिकचा चेहरा पाहून त्यांनी शुद्धिपत्रक काढायचा आदेश दिला. भाऊसाहेबांनी मसुदा संगणकावर केला. शुद्ध नाव टाइप केलं. अशुद्ध नाव मात्र त्यांच्या यंत्रावर उमटेना, तेव्हा तेवढी जागा कोरी ठेवून 'छापील यादीवरून भरावी' असा शेरा मारला. पुन्हा फ्लॉपी, पुन्हा लाखेचं सील, पुन्हा अट क्रमांक नऊ. काळुरामने फ्लॉपी उघडली, पडद्याकडे पाहिलं आणि हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. त्याच कळा, तोच फॉन्ट, तेव्हा तेच उमटणार होतं.

मी फोन केला. भाऊसाहेब म्हणाले, "पहिल्यांदा छापलंत तसंच छापा. तेव्हा कुठे हरकत आली होती?"

इथे मी एक कबूल करतो. आता मला नाव माहीत होतं. ते माझ्यासमोर कार्यालयात घेतलं गेलं होतं, दोन हातांवर. पण मी अट क्रमांक नऊच्या आड उभा राहिलो. शुद्धिपत्रक निघालं:

'अनुक्रमांक ४२ समोर "ङठञ॥ढृ" ऐवजी "ङठञ॥ढृ" असे वाचावे.'

म्हणजे आता त्या नावावर शुद्धतेचा शिक्काच बसला. आधी कुणाला शंका असलीच तर तीही फिटली.

तिसऱ्या दिवशी गिरजाबाई ते शुद्धिपत्रक घेऊन गाडीने रोह्याला आल्या. छापखान्यात शिरल्या आणि काळुरामकडेच गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दादा, तुमी नाव लिवून द्या. साधं हातानं."

"हातानं चालत नाय गो बाय. त्यांनी तसं छापून घेतलंय," काळुराम म्हणाला. मग म्हणाला, "थांब जरा."

तो घरी गेला आणि खिळ्यांची एक लाकडी केस डोक्यावर घेऊन आला. मी मोडीत घातलेल्या मालातून त्याने एक केस बाजूला काढून खाटेखाली ठेवली होती. त्याने कान्हूखार जुळवलं, जुन्या पायमशीनवर वीस चिठ्ठ्या काढल्या. गिरजाबाईंनी ओल्या शाईवर बोट फिरवलं. "ह्ये बग," त्या स्वतःशीच बोलल्या, "ह्ये आमचं गाव." त्यांना वाचता येत होतं ते एवढंच, स्वतःचं आणि गावाचं नाव.

त्या चिठ्ठ्या यादीवर डकवायची परवानगी कार्यालयाने नाकारली. कारण लेखी दिलं: 'सदर चिठ्ठ्यांतील अक्षरांचे वळण व मूळ यादीतील वळण भिन्न आहे. एकाच शासकीय दस्तऐवजात दोन वळणांच्या अक्षरांची सरमिसळ केल्यास वाचणाऱ्याचा गोंधळ उडण्याचा संभव आहे.'

मे उजाडला. दगड वाहणाऱ्या बार्जचा मालक याकूब एके दिवशी छापखान्यात आला. बेचाळीसपैकी एकेचाळीस गावांचा दगड त्याने पोचवला होता. शेवटचा बार्ज भरून धरमतरच्या जेट्टीला उभा होता.

"दत्ताशेट, ह्या गावाचं नाव बोलायचं कसं तेवढं सांगा," त्याने चलन पुढे केलं.

"मी छापतो, याकूबभाई. उच्चार माझ्याकडे येत नाही."

"अहो, मी माझ्या बापाच्या वक्तापासनं कान्हूखारला जातोय. खांड कुठं हाय ती डोळे मिटून दाखवतो. दोन भरत्यांत दगड टाकून मोकला होईन. पन सुपरवायझर बोलतो, चलनावरचं गाव दाखव, मंग सही करतो. दगडाला काय वाचता येतं?"

"सुपरवायझरला येतं."

"त्यालाच तर येत नाय!" याकूब कपाळावर हात मारून गेला.

एकतीस मे ही काम पुरं करायची शेवटची तारीख होती. एक गाव राहिलं तर साहेबांच्या गोपनीय अहवालावर डाग. तेव्हा गावाचा शोध घेण्यासाठी तीन जणांची समिती नेमली. समितीने जीपने तालुका पालथा घातला. जीप जात नाही अशा ठिकाणी गाव नसावं, असं गृहीत धरण्यात आलं. कान्हूखारला जीप जात नव्हती.

अखेर रस्त्यालगतचा एक सरकारी माळ सापडला. त्याला नाव नव्हतं, वस्ती नव्हती, अतिक्रमण नव्हतं, आणि हरकत घ्यायला कोणी नव्हतं. साहेबांनी जागा पसंत केली. हमरापूरहून सखाला बोलावलं. सखा म्हणजे गणपतीचे डोळे आखण्यात पंचक्रोशीत एक नंबर. त्याने छापील यादी समोर धरून पत्र्यावर पाटी रंगवली: 'ङठञ॥ढृ आपले हार्दिक स्वागत करीत आहे.'

"कंची भाषा ते नाय माहीत," सखा मला नंतर म्हणाला, "पन उतरलंय झकास."

झकासच उतरलं होतं. याकूबचा दगड जेट्टीवरून ट्रकने माळावर आला आणि आठ दिवसांत एकशे चाळीस मीटरचा बांध उभा राहिला. खाडी तिथून सहा किलोमीटर. तपासणी अहवाल मी स्वतः छापला, त्यातलं हे वाक्य मला पाठ आहे: 'बांधाच्या दोन्ही अंगांस पाण्याचा अंश आढळला नाही. गळती शून्य.'

आषाढी अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. दुसऱ्या दिवशी काळुराम चप्पल घालून माझ्या टेबलापाशी उभा राहिला. "शेट, चला. आपन काय छापलं ते बघून येऊ."

कान्हूखारला शेवटचा तासभर चालत जावं लागलं. खांडीतून पाणी आत शिरलं होतं आणि अजून निघालं नव्हतं. भाताच्या रोपांचं आवण, जे चार दिवसांनी लावायचं होतं, ते पाण्याखाली तपकिरी होऊन पडलं होतं. खारं पाणी एकदा शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. गिरजाबाई उरलेल्या बांधावर उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घरात गेल्या आणि दोन तांबे गोडं पाणी घेऊन आल्या. ते पाणी त्या अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणत होत्या. मला लाज वाटली, आणि आता ती सांगायलाही लाज वाटते.

"शेट, येक इचारू?" त्या म्हणाल्या. त्या दिवशी प्रथमच माझ्याशी बोलल्या. "यादी पंध्रा दिस लावलीवती. येवढी मान्सा बघून गेली. येकाला पन वाटलं नाय, ह्ये काय हाय म्हनून इचारावं?"

मी तांबा बांधावर ठेवला आणि परतीची वाट धरली.

नुकसानीचे पंचनामे यादीतल्या गावांपुरतेच झाले. साहेबांनी वर कळवलं की यादीतल्या एकाही गावात पाणी शिरलं नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. बेचाळिसाव्या गावाची कामगिरी तर अशी की, इतर बांधांतून थोडंफार झिरपलं, इथे थेंबही नाही. त्या वर्षीचा आदर्श बांध पुरस्कार त्याच गावाला जाहीर झाला. सन्मानपत्र छापायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. काळुरामने ते सोनेरी शाईत, वेलबुट्टीच्या चौकटीत काढलं:

'मौजे ङठञ॥झृ येथील ग्रामस्थांचा, त्यांनी दाखविलेल्या जागरूकतेबद्दल गौरव करण्यात येत आहे.'

ते त्याचं माझ्याकडचं शेवटचं काम. प्रती बांधून झाल्यावर त्याने चष्मा खिशात घातला, खिळ्यांची केस उचलली आणि म्हणाला, "शेट, मी निघतो. वीस चिठ्ठ्या तरी कान्हूखारला दिल्या मी. तुमचा संगणक तुमच्यापाशी."

समारंभ दणक्यात झाला. गावात माणूसच नसल्याने ग्रामस्थांच्या वतीने साहेबांनी साहेबांकडूनच सन्मानपत्र स्वीकारलं. मजकूर मोठ्याने वाचताना नावापाशी ते हलकेच खोकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत एकेचाळिसाव्या गावचे ते दोघे गृहस्थही होते. पुढे मला मतदारयाद्यांचं काम मिळालं. त्या निमित्ताने पेणचा फॉन्टही मागवला. फ्लॉपी खिशात मावली, आणि यंत्रात घालायला काळुराम म्हणाला होता तशी चार मिनिटं लागली.

गिरजाबाई आता उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या मिठागरावर मीठ ओढायला जातात. त्यांचा तो प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला, म्हणून ही हकिगत छापायला घेतली. वाटलं, ज्या हजारभर माणसांनी फळ्यावर पाहिलं ती घाईत होती, अडाणी होती, आपापल्या गावापुरती होती. सुशिक्षित वाचकासमोर ठेवावं, तो नीट वाचेल.

तर वाचकहो, त्या गावाचं नाव या पानांवर पाच वेळा छापलं आहे. पाचव्या वेळी, म्हणजे सन्मानपत्रात, काळुरामने जाता जाता त्यातलं एक अक्षर मुद्दाम बदललं होतं. कोण वाचतो ते बघायचं होतं त्याला. साहेबांच्या लक्षात आलं नाही, भाऊसाहेबांच्या नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या नाही. तुम्हीही आत्ता त्यावरून सरळ पुढे आलात.

मागे जाऊन बघायचं असेल तर खुशाल बघा. हरकत मात्र आता घेता येणार नाही, मुदत पंधराच दिवसांची होती.